सात तारखेचा खळगा

वनमालाकाकूंच्या कुकरच्या चौदा शिट्ट्या झाल्या आणि तरी डाळ शिजली नाही, तिथून हे सगळं उघडकीला आलं. माझ्या ताब्यात देशातली सगळ्यात नाजूक दाबमापकं होती, आणि ती तीन महिने मला तेच सांगत होती. मला कळलं नाही. कळलं नाही हेही तसं खोटंच आहे म्हणा, मी मला हवा तो अर्थ लावून मोकळी झाले होते. आता सांगायला बसलेच आहे तर सरळ सांगते, घोळवत बसायची मला सवय नाही.

मी वृषाली म्हैसने. दोन हजार अठ्ठेचाळीस साली मी पूर्णेच्या काठच्या बोरनांदी गावात निरीक्षण मंडळाची तंत्रज्ञ होते. बोरनांदी खारपाणपट्ट्यातलं. तिथे बोअर कितीही खोल मारा, पाणी खारटच लागतं. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, चहा फाटतो आणि तुरीची डाळ कडकच्या कडक राहते. गावात गोड पाण्याची विहीर एकच, नाल्याच्या वाळूत मुरलेल्या पावसाच्या पाण्यावर तगलेली. तिला सगळे गोडी म्हणतात. वरण शिजवायला आणि प्यायला गोडीचं पाणी, बाकी सगळ्याला बोअरचं. अशा गावात मुलगी द्यायला लोक कां कूं करतात. मुलाचं घर पाहायला आलेले पाहुणे आधी पाणी चाखतात आणि मग शेती विचारतात.

या सगळ्याच्या खाली, दीड किलोमीटरवर, आणखी एक पाणी आहे. वरची काळी माती, तिच्याखालचा काळा पाषाण, त्याच्याखाली चिकणमातीच्या खडकाचा एक जाड थर, आणि त्या थराखाली जुना वालुकाश्म. त्या वालुकाश्माच्या कणाकणांमधल्या फटीत समुद्राहून खारट पाणी भरलेलं आहे, कोट्यवधी वर्षं जागचं न हललेलं. ना पिण्याच्या कामाचं, ना शेतीच्या. म्हणून तर ते निवडलं. वीजकेंद्रांच्या आणि सिमेंटच्या कारखान्यांच्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड पकडायचा, दाबून दाबून घट्ट करायचा आणि त्या वालुकाश्मात सोडायचा. इतक्या खोलीवरच्या दाबाखाली तो धड वायूही राहत नाही आणि धड द्रवही. खाऱ्या पाण्याहून हलका म्हणून वर चढतो, चिकणमातीच्या छताला अडतो आणि छताखाली पातळ पसरत जातो. मग शेकडो वर्षांत हळूहळू पाण्यात विरघळतो. विरघळलेलं पाणी जड होऊन खाली बसतं आणि तिथेच राहतं. झाकण नीट असलं, तर.

लोक मला विचारायचे, बाई, खाली जागा रिकामी होती का? नव्हती. मग आधीचं पाणी कुठे गेलं? मी त्यांना एसटीचं सांगायचे. भरल्या एसटीत दारातून एक माणूस चढला की धक्का मागच्या बाकापर्यंत जातो, पण चढलेला माणूस दारातच असतो. वायू दारातल्या माणसासारखा, वर्षाला जेमतेम शंभर-दीडशे मीटर सरकणारा. दाब मात्र पुढे पळतो. नदीपलीकडच्या कासारपिंपळच्या विहिरीतून वायू आत सोडत, आणि अलीकडे चार किलोमीटरवर बोरनांदीच्या माझ्या विहिरीत आम्ही फक्त दाब ऐकत बसायचो. महिन्यातून एकदा कासारपिंपळला तीन दिवस पंप बंद ठेवत. तिथे दाब उतरे, आणि तो उतार खडकातून वाट काढत बरोबर नऊ दिवसांनी माझ्याकडे पोहोचे. पडद्यावरच्या सरळ रेषेला एक पसरट खळगा पडे. नऊ दिवस लागले म्हणजे खडक जसा होता तसाच आहे. आमची सगळी तपासणी त्या नऊ दिवसांवर उभी होती.

नियम एकच कडक होता. पंप महिन्याच्या एक ते सात तारखांमध्ये कधी बंद करायचा ते कासारपिंपळचा माणूस ठरवणार, आणि आम्हाला ते तिमाही संपल्यावरच कळणार. आधी कळलं तर निरीक्षक हवा तो खळगा हव्या त्या दिवशी पाहतो, असं मंडळाचं म्हणणं. बरोबरच होतं त्यांचं, माझ्याकडे पाहून तर फारच बरोबर.

कासारपिंपळचा माणूस म्हणजे प्रफुल्ल गावंडे. वनमालाकाकूंचा मुलगा.

अकोल्याच्या कॉलेजात आम्ही भूशास्त्राला एका वर्गात होतो. एकाच डब्यात जेवायचो, एकाच हातोडीने दगड फोडायचो. लग्न करायचं ठरवलं तेव्हा अडचण काहीच नव्हती, जातीची नाही, घरच्यांची नाही. माझे बाबा तर मनातून खूश होते. फेब्रुवारीच्या सात तारखेला ते बोरनांदीला घर पाहायला गेले. आम्ही सातपुड्याच्या पायथ्याचे, आमच्या विहिरींचं पाणी म्हणजे खडीसाखर. गावंड्यांच्या ओसरीवर बाबांच्या हातात पितळेचा गडवा आला. त्यांनी एक घोट घेतला, गडवा खाली ठेवला, हवापाण्याचं थोडं बोलले आणि निघून आले. घरी आल्यावर मला एवढंच म्हणाले, की लेकीला जन्मभर ते पाणी प्यायला लावणं माझ्याच्यानं होणार नाही. मी तोंड उघडलं नाही. प्रफुल्लही गप्प बसला. दोघंही शेळपट, दुसरं काय.

त्याचं लग्न झालं. सोनल नाव तिचं, चांगली आहे. दोन मुलं झाली. मला स्थळं आली आणि गेली, मग यायचीही थांबली. आणि वीस वर्षांनी मंडळाने मला नेमणूक दिली ती बोरनांदीला. बाबा तोवर गेले होते. मी रोज ते पाणी प्यायले, केस चरचरीत झाले, दात पिवळे पडले, मेले मात्र नाही. प्रफुल्ल तोवर नदीपलीकडे प्रकल्पाच्या वसाहतीत राहायला गेला होता. काकू काही गाव सोडेनात, त्या एकट्याच राहत आणि आम्हा दोन-चार नोकरदारांना जेवण घालत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि ताटात आणखी एक भाकरी वाढली.

प्रफुल्ल दर दुसऱ्या शनिवारी आईला भेटायला यायचा, आणि दर दुसऱ्या शनिवारी मी भावाकडे गावी जायचे. असं कुणी ठरवलं नव्हतं. मला वाटतं, समोरासमोर आलो असतो तर काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि बोलण्यासारखं जे होतं ते बोलायची सोय राहिली नव्हती.

पहिली तिमाही संपली तेव्हा त्याच्याकडचं वेळापत्रक आलं. तिन्ही महिन्यांत पंप सात तारखेला बंद. आणि प्रत्येक वेळी, पंप पुन्हा सुरू करून चार दिवस झाले की आणखी एकदा छत्तीस तास बंद. कारण लिहिलं होतं, झडप तपासणी. म्हणून तर माझ्या पडद्यावर मोठ्या खळग्याच्या मागे एक लहानसा खळगा दिसायचा, आणि मी तो यंत्राचा दोष समजत होते. मी दुसऱ्या ठिकाणच्या अशाच अकरा विहिरींची वेळापत्रकं काढून पाहिली. झडप तपासणी कुठेच नव्हती. तिन्ही महिने सात तारीखही कुठे नव्हती. मी कागद मिटला, बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारलं, आणि त्या खाऱ्या पाण्याने डोळे आणखीच चुरचुरले.

तीन वर्षं तो लहान खळगा येत राहिला. मोठा प्रकल्पाचा आणि लहान माझा. मी त्याला कधी उत्तर दिलं नाही. माझी विहीर फक्त ऐकायची, तिला बोलता येत नव्हतं. त्यात वावगं काही नव्हतं असं मी स्वतःला समजवायचे. फोन केला असता तर तो फोन झाला असता, चिठ्ठी लिहिली असती तर चिठ्ठी. हे म्हणजे दीड किलोमीटर खाली, अंधारात, पाण्याने पाण्याला दिलेला नुसता धक्का. पण खरं सांगते, महिन्याच्या सोळा तारखेची, सातचा खळगा पोहोचण्याची, मी वाट पाहायचे. पंधराला केस धुवायचे. पंचेचाळिसाव्या वर्षी, एका यंत्रासमोर बसण्यासाठी. हसा खुशाल.

त्या ऑक्टोबरात खळगा चौदालाच आला. नोव्हेंबरात बाराला आणि डिसेंबरात दहाला.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, प्रफुल्लने तारीख अलीकडे आणली. आधी पाचला बंद केलं, मग तीनला, मग एकला. इतकी वर्षं सातला चिकटून बसलेल्या माणसाला आता धीर धरवत नाहीये. खळगा नेहमीच्या सोळाला नाही म्हणून संगणकाने प्रत्येक वेळी लाल खूण दाखवली आणि संभाव्य कारण विचारलं. मी तिन्ही वेळा लिहिलं, पंप बंद करण्याच्या तारखेत बदल, आणि खाली सही ठोकली. डिसेंबरात तर मी सही करताना गुणगुणत होते. कोण माणूस खडकाच्या आलेखात प्रेमाची घाई वाचेल? मी वाचली.

आणि अठरा डिसेंबरला काकूंची डाळ शिजली नाही.

आम्ही ताटं घेऊन बसलो होतो आणि काकू गॅसपाशी कुकर उघडून उभ्या होत्या. म्हणाल्या, डाळ तीच, कुकर तोच, पाणी गोडीचंच. चार दिवस झाले, रोज दोन-तीन शिट्ट्या वाढवते आहे. दुकानदाराने जुनी डाळ दिली असेल, असं कुणीतरी म्हणालं. काकूंनी डाळीचा एक दाणा बोटात दाबून पाहिला आणि मान हलवली. मी जेवण तसंच टाकून गोडीवर गेले. खिशातल्या क्षारमापकाने पाणी पाहिलं. चार महिन्यांपूर्वी होतं त्याच्या तिप्पट क्षार. तरीही मी स्वतःशी म्हणाले, हिवाळ्यात पाणी उतरतं, होतं असं. इतकी मी हट्टी.

परत आले तर काकू ओसरीवर बसल्या होत्या. मला जवळ बसवलं आणि त्यांनी जे सांगितलं त्याची मला पंचवीस वर्षांत कल्पना नव्हती. पाहुणे येणार म्हटल्यावर खारपाणातली घरं गोडीचं पाणी भरून ठेवतात. एकदा लग्न झालं की मग काय ते कळेलच. माझे बाबा आले त्या दिवशीही गोडीचा भरलेला हंडा काकूंच्या घरात होता.

"मंग तुमी बोअरचं काऊन देल्लं?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझ्या तोंडात वऱ्हाडी आपोआप येते.

"ज्या पान्यात पोरीले जन्म काढाचा, तेच पाजाव ना वो," काकू म्हणाल्या. "फसवून आनलेली सून मले नोयती पायजे. प्रफुल्ल वर्षभर बोलला नाई माह्याशी. पन तुह्या बावाले मी खोटं पानी पाजलं नाई."

मी तिथून उठले. या बाईने खरं पाणी पाजून स्वतःच्या मुलाचं सुख घालवलं होतं, आणि मी तीन महिने खोट्या सह्या करत तिच्या विहिरीत मीठ जाऊ देत होते. मला फक्त एक गोष्ट माहीत करून घ्यायची होती, आणि ती विचारायला नियमाने बंदी होती. फोन नोंदवले जात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्कूटर काढली आणि पुलावरून सतरा किलोमीटरचा वळसा घालून कासारपिंपळच्या फाटकावर जाऊन उभी राहिले.

तो हेल्मेट काखेत धरून बाहेर आला. केस पार पांढरे झालेले. चालणं तेच, डावा पाय जरा ओढून. मला पाहून थांबला, मग हळूहळू पुढे आला. मी कामाचंच विचारलं.

"या महिन्यात पंप कधी बंद केला?"

त्याने आधी मागे वळून पाहिलं, मग माझ्याकडे. "सातले."

"आनि नोव्हेंबरात?"

"सातलेच." तो म्हणाला, "वृषाली, मी तारीख कदी बदललीच नाई."

मी फाटकाचा लोखंडी बार धरला. तो घाईत नव्हता. तो होता तसाच होता, सात तारखेशी इमान राखून. घाई खडकाने केली होती. सातचा धक्का दहाला, म्हणजे नऊ दिवसांची वाट तीन दिवसांत. कणाकणांमधून झिरपत येणारा दाब आता कुठल्यातरी भेगेतून धावत येत होता. त्याच भेगेने चिकणमातीचं झाकण फोडलं होतं, वरच्या पाषाणातली जुनी चीर उघडली होती, आणि पुढे ढकललेलं खारं पाणी त्या चिरेतून थेंब थेंब गोडीच्या वाळूत येत होतं. मी त्याला सगळं सांगितलं, लाल खुणा, माझ्या सह्या, मी काय समजले होते तेही. ते सांगताना मान वर करवली नाही. आणि मग आईची डाळ सांगितली.

प्रफुल्ल फाटकाजवळच्या दगडावर बसला. तिमाहीचं वेळापत्रक यायला अजून महिना होता, आणि तोवर पंप चालूच राहणार होता. आजच बंद करायचा तर मला अहवालात लिहावं लागणार होतं की मी नियम मोडून त्याला तारीख विचारली आणि त्याने सांगितली. शिवाय लहान खळग्याचंही लिहावं लागणार होतं, कारण मोठा खळगा भेगेत विस्कटला तरी लहानाची धार स्वच्छ होती, आणि वेग त्यावरूनच सिद्ध होत होता. झडप तपासणी म्हणून नोंदवलेले छत्तीस तास खरं म्हणजे काय होते, हे मंडळ विचारल्याशिवाय राहणार नव्हतं. त्याची नोकरी जाणार होती, माझीही. दोन्ही विहिरी सिमेंटने कायमच्या बुजणार होत्या, आणि तो खळगाही संपणार होता.

"लिहून टाक," तो म्हणाला. "माह्या झडपेचंही लिही."

मी सोनलचं विचारलं. ती विचारेल तेव्हा काय?

"इचारल तं सांगीन. आईनं पानी खरं पाजलं, मी काहाले खोटं बोलू?"

मला तेव्हा त्याचा हात धरावासा वाटला. फार वाटला. धरला नाही. त्याने मला प्यायला पाणी हवं का विचारलं, मी नको म्हटलं, आणि स्कूटर वळवली. पूल येईपर्यंत मी रडत होते, आणि पुलावर थांबून चष्मा पुसला, कारण पुढे खड्डे फार.

अहवाल त्याच संध्याकाळी पाठवला. नागपूरहून दाणी साहेबांचा फोन आला. ते आमचे वरिष्ठ, सज्जन माणूस. लहान खळग्याच्या परिच्छेदाशी आल्यावर ते घुटमळले आणि हे गाळता येईल का म्हणून त्यांनी विचारलं, माझ्याच भल्यासाठी. मी म्हटलं, साहेब, तो गाळला तर भेग सिद्ध होत नाही. पंप एकवीस डिसेंबरला कायमचा बंद झाला. विहिरी बुजवण्याआधी भेग मिटते की नाही ते पाहायचं होतं, म्हणून माझं मापक आणखी तीन आठवडे खाली ठेवलं. नवा माणूस येईपर्यंत वाचन घ्यायला मीच होते.

चोवीसला उतार पोहोचला. खळगा नव्हे, नुसता उतार, कारण पंप आता परत सुरू होणार नव्हता. मला ठाऊक होतं की लहान खळगा येणार नाही. त्यासाठी पंप चार दिवस चालवावा लागला असता, आणि त्या चार दिवसांचं खारं पाणी त्याच्याच आईच्या विहिरीत आलं असतं. निरोपाचा एकच धक्का त्याने दिला असता, तर मी त्याला जन्मात माफ केलं नसतं. तरीही मी पडद्यासमोर बसून राहिले. अठ्ठावीस तारीख गेली, एकतीस गेली, सात जानेवारी गेली. रेषा खाली उतरत उतरत सपाट झाली. आला नाही. आणि त्याच्याकडून आलेल्या सगळ्या खळग्यांपेक्षा मला तो न आलेला जास्त जवळचा वाटला. दहा जानेवारीला मापक वर ओढलं आणि सिमेंट ओतलं.

माझी नोकरी गेली. प्रफुल्ललाही काढलं, तो सोनल आणि मुलांना घेऊन राजस्थानात दुसऱ्या कामावर गेला. तिने विचारलं का, त्याने काय सांगितलं, मला माहीत नाही आणि मी कुणाला विचारलंही नाही. काकूंना तो घेऊन जायला आला होता, त्या गेल्या नाहीत. त्या दिवशी दुसरा शनिवार होता, आणि मी गावी होते.

मी बोरनांदीतच राहिले. ग्रामपंचायतीने पाणी तपासायचं काम दिलं, ते करते. दाब उतरला तशी भेग हळूहळू मिटली. एक पावसाळा गोडीने खारं पाणी धुतलं, पण पुरतं नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर, एका सकाळी, काकूंच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि त्यांनी गॅस बंद केला. झाकण उघडून डाव फिरवला. डाळ एकजीव झाली होती. त्यांनी मला हाक मारली, वाटीत वरण दिलं, वर तूप सोडलं. दोघींनी उभ्यानेच खाल्लं.

मग त्या म्हणाल्या, बस, पाणी देते. मी ओसरीवर बसले. त्यांनी पितळेचा गडवा आणून माझ्या हातात दिला. गोडीचा हंडा शेजारीच भरलेला होता, पण त्यांनी गडवा बोअरच्या नळाखाली धरलेला मी पाहिलं होतं. त्या समोर उभ्या राहिल्या, पदर सावरून, पाहुण्यांसमोर उभं राहतात तशा.

मी एक घोट घेतला. खारटच होतं, दुसरं काय असणार. गडवा मी खाली ठेवला नाही. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, आणि रिकामा त्यांच्या हातात दिला.